रानात सापडलेली तलवार

"म्हणजे ही माझ्या पूर्वजाचीच ना, बाबा? तेवढं सांगा फक्त."

हैबतराव गरड तलवार दोन्ही तळव्यांवर आडवी धरून उभा होता. बारशातलं पोर धरावं तशी.

अमीनबाबा लसूण सोलत होते. वर बघेचनात.

बाबा म्हणजे आमचे फकीर. गावाबाहेर त्यांचा तक्या आहे. तक्या म्हणजे काय, तर एक खोली, एक लिंब आणि खाली बसायला लागेल तेवढी जमीन. आम्ही पोरं शाळेपेक्षा तिथंच जास्त असतो. शाळेत प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. बाबांकडं प्रश्नाला प्रश्नच मिळतो, मार्क कुणाचेच जात नाहीत.

तक्याला लागूनच हैबतरावाचं रान.

आता तलवार आली कुठनं ते ऐका.

हैबतरावानं पुण्याहून एक मशीन आणलं. लांब दांडा, खाली ताटली, कानाला हेडफोन. जमिनीत लोखंड असलं की ते कुईं करतं. श्रावणापासून हा गडी आपल्याच रानात झाडू मारल्यासारखा फिरतोय. कुईं झालं की खड्डा. कुईं झालं की खड्डा.

निघालं काय? कुळवाची मोडकी फास. बैलांच्या खुरांच्या पत्र्या. आज्याचा हरवलेला अडकित्ता. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं तर ढीगभर. त्यातली काही आम्हीच पेरली होती, ते सोडा.

रानाची पार चाळण झाली.

आणि परवा, बांधाजवळ, कमरेएवढ्या खड्ड्यात खरंच तलवार निघाली! गंजून लाल. पण मूठ शाबूत.

आता माणूस म्हणेल, निघाली तर निघाली, खुंटीला अडकव आणि जेवायला बस. पण नाही. दसऱ्याला आमचं गाव सोनं लुटायला शिवेवर जातं. तिथं आपट्याची पहिली फांदी तोडायचा मान तुळशीराम गरडाचा. हा हैबतरावाचा चुलतभाऊ. त्याच्या घरात वाडवडिलांची तलवार आहे, तिनंच फांदी तोडतात. हैबतराव दरवर्षी मागं उभा राहून टाळ्या वाजवतो. वाजवतो म्हणजे हात हलवतो नुसते, आवाज येत नाही.

यंदा त्यानं पंचांपुढं तलवार नेऊन आदळली. माझ्याकडं पण आहे म्हणाला. पंचांनी निवाडा बाबांवर टाकला. म्हणाले, बाबांनी जर सांगितलं की ही तुझ्याच पूर्वजाची, तर यंदा मान तुझा. तुळशीराम पण कबूल झाला. बाबांचा शब्द दोन्ही घरांत चालतो.

दसरा उद्यावर आलेला.

आज खंडेनवमी, म्हणून तलवारीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. खांद्यावर मशीन, त्याला पण माळ.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मशीनला पण हार घातलास व्हय?"

"हत्यारच की ते माझं."

"चांगलं केलंस."

"मग, बाबा? माझ्या पूर्वजाचीच ना?"

"कोण होता तो?"

हैबतरावानं छाती काढली. "सरदार! दुसरं कोण असणार? लढाई इथंच झाली असणार, ह्याच रानात. समोर हे एवढे गनीम. आणि आमचा एकटा..."

"मेला?"

"मरतोय कसा? मेला असता तर आमचा वंश वाढला असता का?"

"मग जिंकला."

"जिंकलाच!"

बाबांनी एक पाकळी उन्हाकडं धरून बघितली. किडकी होती. टाकून दिली.

"जिंकला आणि तलवार घरी न्यायची इसरला?"

हैबतराव तलवारीवरची माळ नीट करायला लागला.

"गनिमानं मारला असता, तर तलवार गनिमानं नेली असती. फुकटची तलवार कोण सोडतंय? जिंकला असता, तर तुझ्या घरात खुंटीला असती. तुळशीरामाच्या हाय तशी. मग ही रानात कुणी ठेवली रं हैबत?"

गुंड्या खिदळला. गुंड्या म्हणजे माझा मित्र, त्याला हसू आलं की ते नाकातनं येतं. मी त्याला चिमटा काढला. मग मलाच आलं.

हैबतराव तलवारीपेक्षा लाल झाला.

"म्हणजे माझा पूर्वज पळपुटा?"

"मी कुठं म्हणालो?"

"पडली असंल हातातनं!"

"असंल की."

"न्हाय! पडणार न्हाय! गरडाचा जीव सुटंल, बाबा, पण हातातली तलवार सुटायची न्हाय. ते आमच्या रक्तातच न्हाय!"

आत्ताच म्हणाला पडली असंल. पण त्याच्या हातात तलवार होती, त्यामुळं आम्ही काही बोललो नाही.

"रक्तातच न्हाय?" बाबांनी विचारलं.

"न्हाय!"

"मग दाखव की हात. आपटा उद्याला. आज ती बोर हाय बघ बांधावर, तिची ती आडवी फांदी. एका घावात."

"ही? ही तर मी डोळं झाकून..."

"झाकू नको. उघडंच ठेव."

हैबतरावानं मशीन लिंबाला टेकवलं. बाह्या सारल्या. टोपी नीट केली. मला म्हणाला, "ए, फोटो काढ." माझ्याकडं फोन नाही हे त्याला माहीत होतं, पण मी हातांचा चौकोन करून काढला एक.

तो बोरीकडं निघाला. ऊन असं की कावळासुद्धा सावलीतनं उठेना.

आणि बाबांनी बाजूला पडलेलं कांबळं ओढून डोक्यावरनं घेतलं. पार पायापर्यंत.

मी गुंड्याकडं बघितलं. गुंड्यानं माझ्याकडं. बाबांना आम्ही पूस महिन्यातल्या थंडीतसुद्धा कधी कांबळ्यात बघितलेलं नाही. आम्ही खोलीत शिरलो, दार ओढलं आणि फटीला डोळा लावला.

"हर हर महादेव!"

धप्प.

फांदी तुटली नाही. नुसती हलली.

मग बोर गुणगुणायला लागली.

आत मोहळ होतं. चांगलं परातीएवढं. बाबांना ते माहीत होतं का, ते त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. मी तर विचारणारच नाही.

हैबतराव पळाला.

पळाला म्हणजे काय सांगू! चप्पल एकीकडं, टोपी एकीकडं, तलवार कुठं ते त्याचं त्याला ठाऊक नाही. स्वतःच्याच खड्ड्यात पडला. उठला. पुढच्या खड्ड्यात पडला. उठला. मध्ये एक खड्डा तर असा उडी मारून पार केला की आमच्या पीटीच्या सरांनी बघितला असता तर जिल्ह्याला पाठवला असता. "आई गं" म्हणत सरळ पाटात. डोकं वर काढायचा, ओरडायचा, परत बुडायचा.

बांधावर तुळशीरामाची म्हैस चरत होती. ती बघतच राहिली.

बऱ्याच वेळानं माश्या शांत झाल्या. बाबा कांबळ्यातनं बाहेर आले आणि उरलेला लसूण घेऊन बसले.

हैबतराव आला. निथळत. नाकाचा पेरू झालेला, एक डोळा बंद. दुसऱ्या डोळ्यानं बाबांकडं असं बघितलं की मला वाटलं आज तक्या मोडणार.

बाबांनी चुन्याची डबी पुढं सरकवली.

त्यानं चुना लावला. नाकाला, कानाला, कपाळाला. बैलपोळ्याचा बैल दिसायला लागला. गुंड्या बिचारा तोंडात सदरा कोंबून बसला होता.

"तलवार?" बाबांनी विचारलं.

हैबतरावानं उजवा हात बघितला. मग डावा. दोन्ही रिकामे.

तो उठला. बोरीखाली बघितलं, नाही. गवतात बघितलं, नाही. बांधाच्या अलीकडं नाही, पलीकडं नाही.

मग काय करतो? गुपचूप परत आला, मशीन उचललं, हेडफोन सुजलेल्या कानांवर कसाबसा बसवला आणि निघाला आपल्याच रानात. ताटली इकडं, ताटली तिकडं. मशीनच्या गळ्यात झेंडूची माळ झुलतीय.

कुईं.

तलवार एका खड्ड्यात पडली होती. तळाशी, मातीत तोंड खुपसून.

हैबतराव खड्ड्यात उतरला. उचलली नाही. नुसता बघत उभा राहिला तिच्याकडं.

मग खाली बसला, खड्ड्यातच. आता आम्हाला फक्त त्याचं डोकं दिसत होतं, आणि ते हलायला लागलं. मला वाटलं रडतोय.

जवळ गेलो तर गडी हसत होता. सुजलेल्या तोंडानं हसता येईना, तरी हसत होता. नाक धरायचा, कळवळायचा आणि परत हसायचा. मग गुंड्यानं तोंडातला सदरा काढला आणि आम्ही पण मोकळे झालो.

हसणं संपल्यावर हैबतराव तलवार घेऊन वर आला. बाबांच्या पुढ्यात येऊन बसला. ह्या वेळी उभा राहिला नाही. तलवार मांडीवर.

"बाबा..."

"बोल."

"उद्या पंचांपुढं तुम्ही न्हाय आलात तरी चालंल."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"असं कसं? आत्तापातूर मला शंका हुती. आता शपथंवर सांगतो, तलवार तुझ्याच पूर्वजाची हाय."