भिवरेच्या सोमवारांची कहाणी

ऐका महादेवा, तुमची कहाणी. एक आटपाट नगर होतं, त्याच्या वेशीला रखमाजी कुंभार राही. त्याची बायको सगुणा. ती माती तुडवी, तो चाकावर बसे. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. मग काय झालं? रखमाजी तापानं गेला. चाक थांबलं. सगुणेनं अन्न टाकलं, बोलणं टाकलं. आपण असलो काय नि नसलो काय, असं म्हणून एके दिवशी नदीच्या डोहाशी जाऊन उभी राहिली.

तिथं एक म्हातारी धुणं धूत होती. "बाई, बाई, कुठं निघालीस?" सगुणेनं सारं दुःख सांगितलं. म्हातारीनं तिला वसा दिला. श्रावणातल्या दर सोमवारी आपल्या हातानं मातीचा महादेव करावा, आपलं नाव सांगून बेल वाहावा, संध्याकाळी नदीत सोडावा. घेतला वसा मध्येच टाकायचा नाही, असं बजावलं.

पहिला सोमवार आला. सगुणेनं महादेव केला, हात जोडले. "देवा, मी कुंभाराची बायको." महादेवाला तडा गेला. मग दुसरा सोमवार आला. "देवा, मी कुंभाराची विधवा." पुन्हा तडा गेला. सगुणा फार रडली. शेजारणी म्हणाल्या, तुझ्या हाताला यश नाही, सोड आता. शेजारणीच त्या, बोलायच्याच. पण सगुणा हट्टाची, तिनं वसा टाकला नाही.

मग तिसरा सोमवार आला. माती मळता मळता तिला आई आठवली. आई हाक मारी ते नाव लग्नात बदललं होतं. वीस वर्षांत ते कुणाच्या तोंडी आलं नव्हतं, तिच्यासुद्धा. तिनं हात जोडले. "देवा, मी भिवरा. धनी गेले, मी राहिले आहे. माझ्या हातची पूजा घे." महादेव अखंड राहिला. भिवरेला आनंद झाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

चौथ्या सोमवारी महादेव नदीत सोडून ती घरी आली, ती थेट चाकावर बसली. शेजारणी म्हणाल्या, अशी रीत नाही. भिवरा म्हणाली, "देव या हातांकडून स्वतःला घडवून घेतो, मग मडक्याला काय झालं?" पहिलं मडकं वाकडं झालं, दुसरं खाली बसलं, तिसरं उभं राहिलं. नवरात्रात साऱ्या नगराचे घट तिच्या घरून गेले. घट न्यायला येई त्याला ती आपलं नाव भिवरा सांगे. त्याच शेजारणी दारात येत, हाक मारीत, "भिवराबाई, आहात का घरात?" आणि ती चाकावरून म्हणे, "आहे."

जसा महादेव भिवरेला पावला, तसा तुम्हां-आम्हां पावो. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या ओंजळीत तिचं फळ पडो.