सगुणाबाईंचे निळे वाण

एकदा एका व्यापाऱ्याने समुद्रापारहून आपल्या लेकीसाठी एक रोप आणले. त्याला पहिला निळा बहर आला त्याच वर्षी लेक तापाने गेली. तिची आई सगुणाबाई मग दर संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या वेळी, तिच्या आठवणीसाठी त्या झाडाची रोपे वाण म्हणून देऊ लागल्या. आता वाण कधी कोणी नाकारते का? सवाष्णींनी रोपे परसात लावली, लेकींनी सासरी नेली, आणि पाहता पाहता सारा मुलूख निळा झाला. पुढे व्यापारी वारला, वाण थांबले. पण ते झाडाला कोणी सांगायचे?

शेंगा तडकत, वारा बी नेई, आणि पडेल तिथे रोप उगवे. त्या झाडाखाली गवताचे पाते धरत नसे, पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नसे. गायरान गेले, लोक गुरे विकू लागले. शेवटी गावोगावच्या लोकांनी कुऱ्हाडी घेऊन सारी झाडे तोडली. उरले एकच, सगुणाबाईंच्या अंगणातले. तिथे जायला कोणी धजेना, म्हणून ते काम एका वृद्ध आचार्यांवर सोपवले.

आचार्यांनी तिथे जाऊन कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि शिष्याला वर चढवून हिरव्या शेंगा तेवढ्या खुडायला लावल्या. पुढच्या वर्षीही तेच. त्यानंतरच्या वर्षी मात्र शिष्य वैतागला.

"गुरुजी, एका दिवसाचं काम आहे. तोडून मोकळे होऊ या की."

आचार्य म्हणाले, "अरे, तिने काय विष वाटलं? जे जिवापाड प्रिय होतं तेच दिलं. दिलेली वस्तू पुढे काय करील, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. गायरान वाचलंच पाहिजे. पण त्यासाठी या माउलीला लेकीचं मरण पुन्हा दाखवायचं का? आपले हात दुखतात, तर दुखू देत."

सगुणाबाई दारातच उभ्या होत्या. शेंगा का खुडतात, हे आजवर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या अंगणात आल्या आणि बुंध्यावरून हात फिरवीत राहिल्या.

"माझ्यामागे शेंगा कोण खुडणार, गुरुजी? आजच तोडा. मी जवळ बसते. ती गेली तेव्हा मला कोणी जवळ बसू दिलं नव्हतं."

शिष्याला रडू आवरेना; तरी त्याने कुऱ्हाड उचलली आणि सगुणाबाईंसाठी सावलीत पाट मांडला.