मधल्या खांबावरचा ठोका

त्या राज्यात उभं झाड एकही उरलं नव्हतं. लाकडी घरं मात्र ओळीनं उभी होती. झाडं गेल्याचं दुःख कुणी फारसं बोलून दाखवत नसे, कारण दुःख करत बसायलाही आधी डोक्यावर छप्पर लागतं, आणि छपरं धनेशांच्या हाती होती. मोठ्या चोचीचे हे पक्षी पूर्वी ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद करण्यासाठी प्रसिद्ध होते. झाडं पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लिंपण चांगलं जमत असेल तर बांधकाम जमलं नाही तरी अडत नाही.

ज्यांना घर मिळे ते घरात राहत. ज्यांना मिळत नसे ते जमिनीवर राहत, आणि जमीन सापांची होती. शिवाय वर्षातून एकदा, काटेरी झुडपांवरची बोरं पिकून गळाली की, पश्चिमेकडून वारा येई. पूर्वी तो झाडाझाडांतून वाट काढत, दमत-भागत येत असे. आता अडवणारं कुणी नसल्यामुळे तो सरळ चालून येई.

घर घेण्याची एक रीत होती. प्रत्येक घराच्या मधोमध एक खांब असे आणि घराचा सगळा भार त्याच्यावर असे. खरेदीच्या दिवशी त्याला हळदकुंकू लावत, हार घालत, आणि राज्याचे ठोकेगुरुजी येऊन त्यावर तीन ठोके मारत. मग ते "भरीव" म्हणत, आणि घेणाऱ्यानं मोठ्यानं "ऐकलं" म्हणायचं. एकदा "ऐकलं" म्हटलं की घर घेणाऱ्याचं, आणि त्या घराचं पुढे जे होईल तेही त्याचंच. घेणाऱ्यानं स्वतः ठोकून पाहणं अशुभ मानत. घराला नजर लागते म्हणत. नजर कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिला वारा सोसून घर उभं राहिलं की गुरुजी दुसरा ठोका मारायला येत. खांब पोकळ निघाला आणि त्यावर राहणाऱ्याच्या दातांच्या खुणा दिसल्या, तर दोष राहणाऱ्याचा. ते कुटुंब त्याच दिवशी जमिनीवर. आणि ठोक्याच्या वेळी घरात कुणीच सापडलं नाही, तर त्यांना वाऱ्यानं नेलं असं धरून घर पुन्हा धनेशांकडे. नियम साधे होते. फक्त सगळे एकाच बाजूला कललेले होते.

सगुणा नावाची एक खार गेल्या हंगामापासून जमिनीवर राहत होती. तिचं झाड बेहड्याचं होतं. त्यातली ढोली तिनं वर्षानुवर्षं स्वतःच्या दातांनी कोरली होती, दर बाळंतपणाला थोडी मोठी. पुढचा एक दात अर्धा तुटलेला असल्यामुळे तिचं कोरकाम वेगळंच उमटे: एक खोल रेघ, एक उथळ, आणि मध्ये बारीकसा वरंबा. झाड तोडायला आले तेव्हा तिला सांगण्यात आलं, की हे सगळं नव्या घरांसाठी चाललं आहे, आणि घरं शेवटी तुमच्यासाठीच आहेत. त्यात खोटं काही नव्हतं.

तिला चार पिल्लं होती. पहिल्याच महिन्यात त्यांतलं एक सापानं नेलं. त्याचं नाव ती घेत नसे. उरलेल्या तिघांना पाठीवर घेऊन ती दगडादगडांवर बसून राही आणि बोरांकडे पाही. बोरं पिवळी पडायला लागली, तशी ती साठवलेलं सगळं बी गालांत भरून घरं विकणाऱ्या धनेशशेटच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

"आधी घर बघेन, मग बी देईन," ती म्हणाली.

"बघा की, बाई," धनेशशेट म्हणाले. "घर काय पळून चाललंय?"

सगुणानं खरोखरच पाहिलं. बाकीच्यांनी हार पाहिले, रंग पाहिला. हिनं खांबाखाली दगड आहे की लाकूड थेट ओल्या मातीत रोवलंय ते पाहिलं. तुळईचं टोक खाचेत घट्ट बसलंय का, म्हणून फटीत मिशी घालून पाहिली. मिशी मुळापर्यंत आत गेली. वाऱ्यात घर वाकडं होऊ नये म्हणून कोपऱ्यांना तिरप्या पट्ट्या लागतात, त्या चारपैकी दोनच कोपऱ्यांत होत्या. शेवटी तिनं भिंतीची फळी चाटली. फळी गोडसर लागली, म्हणजे लाकूड अजून ओलंच होतं.

"शेट, ही एवढी फट?"

"लाकूड आहे, बाई. श्वास घेतं."

"आणि पट्ट्या दोनच?"

"वारा कुठून येतो ते आम्हाला ठाऊक आहे ना."

"लाकूड ओलं आहे."

"ताजं आहे. तुम्हाला काय शिळं हवंय?"

ओळीतले उंदीर-घुशी हसले. सगुणाला राग आला, आणि राग आल्याची भीतीही वाटली. घर नाही मिळालं तर हसणारेही जमिनीवर सोबतीला येणार नव्हते. तेवढ्यात तिची धाकटी, बिटकी, पाठीवरून उतरली, मधल्या खांबापाशी गेली, त्याला कान लावला आणि तिथेच झोपली. जमिनीवर आल्यापासून ते पोर एकदाही असं गाढ झोपलं नव्हतं. सगुणाचा ऊर भरून आला. तिनं खांबाला नाक लावलं. रोगणाखाली कसलासा ओळखीचा वास होता, पण आठवेना. इतकं सगळं तपासलं तिनं, आणि जिथे शंका घ्यायची तिथे शकुन घेतला.

ठोकेगुरुजी आले. ते म्हातारे सुतारपक्षी होते. तरुणपणी नुसत्या एका टोचणीत ते आतली अळी कोणत्या कुळीची ते सांगत, असं म्हणत. आता त्यांच्या चोचीच्या टोकावर चांदीची टोपी होती. धनेशांनी जाहीर सत्कार करून बसवलेली. त्यांनी तीन ठोके मारले. तिन्ही वेळा एकच स्वच्छ, गोड आवाज आला.

सगुणा हळूच म्हणाली, "गुरुजी, टोपी काढून ठोका ना."

"अगं ए, आटप!" मागून एक घूस ओरडली. "वारा काय तुझी वाट बघणारे?"

गुरुजींनी मान खाली घातली. "लाखेनं चिकटवली आहे, बाई. त्या दिवशी वाटलं, मानाची आहे. आता ओढली तर चोच सोबत येईल."

"मग ठोकल्यावर तुम्हाला ऐकू काय येतं?"

"टोपी," गुरुजी म्हणाले. मग ते ताठ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भरीव!"

सगुणानं गुरुजींकडे पाहिलं, दाराबाहेरच्या जमिनीकडे पाहिलं, झोपलेल्या बिटकीकडे पाहिलं. सगळे थांबले होते. इतक्या जणांना ताटकळत ठेवणं त्या राज्यात फार वाईट दिसे.

"ऐकलं," ती म्हणाली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी खांबावरचं रोगण तडकलं आणि आतून बारीक भुगा गळायला लागला. सगुणानं नखानं तड रुंद केली. आत लाकूड नव्हतं, चिखल होता. फळांचा चोथा आणि थुंकी घालून घोटलेला, दगडासारखा वाळलेला, धनेशांचा खानदानी चिखल. तिनं तो दातांनी पाडला, तेव्हा आत पोकळी लागली. ती संतापली. आता गुरुजींना, शेटला, सगळ्या ओळीला इथे आणून उभं करते, असं म्हणत तिनं पोकळीत डोकं घातलं.

आतल्या भिंतीवर रेघा होत्या. एक खोल, एक उथळ, आणि मध्ये बारीकसा वरंबा. तळाशी सावरीचा कापूस होता, तिनंच एकेक तोंड भरून आणलेला, चार पिल्लांच्या अंगांनी चार जागी दबलेला.

सगुणा तशीच डोकं घालून कितीतरी वेळ उभी राहिली. खांब पोकळ होता आणि तो पोकळ करणारी तीच होती. भिंतीभर तिच्याच दातांची साक्ष होती. कुणाला आणून दाखवणार? तिला हसू फुटलं, आणि ते थांबेना, तशी पिल्लं घाबरून रडायला लागली. मग तिनं चिखलाचे तुकडे गोळा केले, थुंकीनं जोडले आणि भोक होतं तसं बुजवलं. धनेशशेटनं पाहिलं असतं तर कौतुक केलं असतं.

ढोली मातीनं भरून टाकावी, असंही तिच्या मनात आलं. एक तोंड माती तिनं आणलीही. पण त्या चार खळग्यांतल्या चौथ्या खळग्यावर ती माती टाकवेना, आणि दुसऱ्या दिवशी वारा आला.

तो भर दुपारी आला. ज्या कोपऱ्यांत पट्ट्या नव्हत्या त्याच दोन कोपऱ्यांकडून आला. घर एकदा डावीकडे कललं, एकदा उजवीकडे, आणि फटींतून श्वास घेणारं ते लाकूड किंचाळायला लागलं. छपराची एक फळी गेली, मग तीन गेल्या. पिल्लांना धरायला सगुणाला पंजे पुरेनात. घरात अंग चोरायला जागाच नव्हती. होती ती एकच होती. तिनं बुजवलेला चिखल फोडला आणि थोरलं, मधलं, बिटकी अशी तिघं आत कोंबली. पिल्लं तेव्हापेक्षा वाढली होती. तरी ती त्यांच्या मागोमाग डोकं घालून आत शिरली, आणि पाठीनं अन् शेपटीनं ढोलीचं तोंड दाबून धरलं.

आत वारा नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा चौघांना एकमेकांच्या काळजाचे ठोके ऐकू आले. बाहेर भिंती एकेक करून निघून जात होत्या, आणि बिटकीनं चक्क जांभई दिली.

वारा ओसरला तेव्हा खांब आणि त्याच्यावर वाकड्या अडकलेल्या दोन तुळया एवढंच घर उरलं होतं. धुळीनं खांबाच्याच रंगाची झालेली सगुणा मागे सरून बाहेर निघणार, तोच तिला पंखांचा आवाज आला. गुरुजी आणि धनेशशेट दुसऱ्या ठोक्याला आले होते.

आता निघावं, तर ढोली दिसते, दातांच्या खुणा दिसतात, आणि लेकरं आजच्या आज जमिनीवर जातात. न निघावं, तर पोकळ खांब ठोक्याला वाजणार. टोपी असली म्हणून काय झालं, इतकी मोठी पोकळी वाजल्याशिवाय राहील? सगुणानं पिल्लांना आणखी आत रेटलं. त्यांच्या पोटांमधल्या, माना-पायांमधल्या जागा तिनं स्वतःच्या अंगानं भरून काढल्या. कुठेही बोटभर पोकळी म्हणून उरू दिली नाही. हे टळू दे, तिनं मनात म्हटलं, मग लगेच बाहेर पडते.

पहिला ठोका पडला. तिच्या बरगड्यांत बसला. खांब वाजला नाही. दुसऱ्या ठोक्यालाही वाजला नाही. तिसऱ्याच्या आधी गुरुजी थांबले, आणि त्यांनी लाकडाला कान लावल्याचं तिला जाणवलं. एका फळीच्या अंतरावर एक म्हातारा जीव चार काळजं धडधडताना ऐकत होता. कितीतरी वर्षांत त्यांना टोपीखेरीज काही ऐकू आलं असेल, तर ते हेच.

"काय झालं, गुरुजी?" धनेशशेटनं विचारलं.

तिसरा ठोका पडला.

"भरीव," गुरुजी म्हणाले.

"असणारच! बाईंनी उगाच खोड्या काढल्या. आहेत कुठे त्या?" पंख एकदा खांबाभोवती फडफडत फिरले. "गेल्या वाटतं वाऱ्याबरोबर. अरेरे. चांगल्या होत्या." मग आवाज जवळ आला. "इथे जरा उकललंय. लिंपून घेतो."

ओरडायचं की नाही, हे ठरवायला सगुणाला एक क्षण जास्त लागला. ओरडलं तर जमीन होती, साप होते, आणि बिटकी तिच्या हनुवटीखाली शांत झोपली होती. तेवढ्यात तिच्या पाठीला काहीतरी गार लागलं. मग ते घट्ट झालं. मग ती ओरडली. पण तोंड आतल्या बाजूला होतं, दातही आतल्या बाजूला होते, आणि वळायला तिनं स्वतःच जागा ठेवली नव्हती.

बाहेर दोन दिवस फळ्या चढवल्याचे आवाज येत राहिले. रोगणाचा वास आला, मग झेंडूचा. पुष्कळ पावलं आली आणि ओळीत थांबली. एक कुणीतरी आई बारीक आवाजात फटींबद्दल विचारत होती, आणि लाकूड श्वास घेतं असं तिला कुणी सांगत होतं. मग तीन ठोके पडले. सगुणाला हलवता येत होता तो एकच मागचा पाय. तिनं टाचेनं जोर लावून तीन ठोके परत मारले.

"आई," एक इवलासा आवाज खांबाला अगदी चिकटून म्हणाला, "आतून कुणीतरी ठोकतंय."

"शू," ती आई म्हणाली. "लोक खोळंबलेत." मग तिनं आवाज चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट म्हटलं, "ऐकलं."