चिंधामायचं पान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या-माझ्या कोणाच्याच पणजोबांनी पाहिलं नसेल इतक्या वर्षांपूर्वी, तापीच्या अलीकडे करंजओहोळ नावाचं एक गाव होतं. गाव अजून आहे. तिथे काळी जमीन होती, वांग्यांचे मळे होते, बारमाही ओहोळ होता. नव्हता तो फक्त एकमेकांवर भरवसा.

गवळण दारात आली की बाई आधी दुधात बोट बुडवून पाही आणि मग भांडं पुढे करी. दोन सख्ख्या भावांची एकच विहीर होती, पण दोघे आपापला दोर रोज घरी नेऊन खुंटीला टांगत. देवळात नारळ फुटला की सगळे वाकून पाहत, मोठी भकल पुजाऱ्याने कुठे सारली म्हणून. मी सांगतो म्हणून हे खरं मानू नका. मला माझ्या आत्याने सांगितलं, आणि आत्यावर माझाही पुरता भरवसा नाही, कारण ती करंजओहोळचीच होती.

या गावात लग्नाची जेवणं रांधायची ती चिंधामाय. ती कुठून आली, तिचं माणूस कोण, कोणाला ठाऊक नव्हतं. ओहोळाकाठी तिचं खोपट होतं आणि करवंटीचं एक ओगराळं होतं. त्या ओगराळ्याने तिने वरण ढवळलं की चार घरांपुरतं वरण अख्ख्या आळीला पुरायचं, असं म्हणतात. आता असं कोणाच्या हातून होऊ लागलं, तर दुसरं गाव त्या हाताला नमस्कार करील. करंजओहोळ म्हणालं, हिच्या पदराच्या गाठीत काहीतरी आहे.

त्यातून लग्नाचं जेवण कनातीआड शिजवायची रीत होती. रांधत्या अन्नाला नजर लागू नये म्हणून चुलींभोवती कापड बांधत आणि जेवण तयार होईपर्यंत आत कोणी डोकवायचं नाही. जिथे उघड्यावरचं कोणाला पटत नव्हतं, तिथे कापडाआडचं काय पटणार!

गावात सोनजी कुंभार राहायचा. त्याला एकच लेक, ठकू. आईवेगळी पोर, बापाबरोबर चिखल तुडवून मोठी झालेली. तिचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरजाचा, त्यामुळे जेवणं दुपारी, अक्षतांच्या आधी. बेत खानदेशातल्या लग्नाचा असतो तोच: वरण, बट्टी आणि घोटलेली वांगी. चिंधामाय कनातीआड गेली आणि पाणवठ्यावर कोणीतरी सहज बोललं, "पिठाचं पोतं लहानच दिसलं बाई." झालं. दुपारपर्यंत गावभर झालं की जेवण पुरणार नाही.

मग करंजओहोळच्या माणसांनी जे केलं ते त्यांनीच करावं. पुरणार नाही म्हणून पहिल्या पंगतीने दुप्पट घेतलं. वाढपी आग्रह करत होते आणि एरवी पानावर हात आडवा धरणारे त्या दिवशी हात मागे घेत होते. बट्टी म्हणजे गव्हाचा भाजलेला कोरडा गोळा, लपवायला सोयीचा. बायकांनी पोरांसाठी पदराखाली घातल्या, म्हाताऱ्यांनी पागोट्यात खोचल्या. अर्ध्या पानांवर वरण-भाजी टाकून लोक उठले. शेवटच्या पंगतीला व्याह्यांकडच्या बायका आणि गाडीवान बसले, तेव्हा त्यांच्या पानावर नुसतं वरण पडलं. नवरदेवाचा बाप उठला. बैल जुंपले गेले. ठकू अंगावरच्या हळदीसकट मांडवात उभी राहिली आणि वऱ्हाड अक्षतांवाचून परत गेलं.

गावाने आपले पदर झाडून पाहिले नाहीत. गाव गेलं चिंधामायच्या खोपटाकडे. तिचं गाठोडं सोडलं, पदराची गाठ सोडली. गाठोड्यात एक लुगडं निघालं आणि गाठीत हिंगाचा खडा. तरी गाव म्हणालं, लपवलं असेल कुठेतरी. सोनजी तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. मला त्याचा राग येतो, अजून येतो, पण लेकीकडे पाहून त्याची जीभ टाळूला चिकटली होती हेही खरं.

त्या दिवसापासून चिंधामायला लग्नात जेवताना कोणी पाहिलं नाही, असं म्हणतात. पुढेही तिने गावासाठी रांधलं, कारण तिच्यासारखं दुसरं कोणाला जमत नव्हतं. पण स्वतः एक घास घेतला नाही. विचारलं तर म्हणायची, "वासानंच पोट भरते माय."

असेच काही उन्हाळे गेले. ठकूला स्थळ येईना. पंगत मोडलेल्या घरची पोर म्हणून लोक वाटेतूनच माघारी फिरत. शेवटी तापीपल्याडून एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता आणि त्याला ठकू आवडली होती. पण त्याचा मामा होता झिपरूमामा, हातात सदा काठी आणि कपाळाला सदा आठी. त्याच्या कानावर मागची हकिगत गेलेली. तो सोनजीला म्हणाला, "आमचं एक माणूस जरी अर्धपोटी उठलं ना पाव्हणं, तं अक्षता पडनार नाहीत. मंग तुमी मले बोल लावू नका."

सोनजीच्या घरात दाणे बेताचे होते. वांगी तेवढी गावात ढिगाने होती, कोणी नाही म्हणालं नसतं. बाहेरगावचा आचारी अशा घरी यायला तयार होईना. तेव्हा सोनजी ओहोळाकाठी गेला आणि खोपटाबाहेर उकिडवा बसून राहिला.

"माय, तुले बोलवाले तोंड नाही माह्यं."

"तोंड नसलं तं नसलं. मडके तं हायेत ना?" आतून चिंधामाय म्हणाली.

"मडके लय हायेत. दाणे कमी हायेत."

"दाणे त्या लग्नातबी कमी नव्हते बापा. भेव जास्त होतं." ती बाहेर आली. "रांधतो मी. पन कनात बांधू नको अन् वाढपी ठेवू नको. आनिक एक, तुह्या घरचा सगळ्यात मोठा रांजण मले पाह्यजे. कोरा."

"रांजण काहून?"

"तुले भरोसा हाये का माह्यावर?"

खोटं सोनजीला बोलवेना. "नाही माय. पन दुसरं कोनी नाही."

चिंधामाय हसली. या गावात इतकं खरं तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. "मंग निंघ," ती म्हणाली, "चिखल मळ."

लग्नाच्या दिवशी लोक जागे होऊन पारापाशी आले, तेव्हा चुली उघड्यावर पेटल्या होत्या. कनात नाही, झाकण नाही. सगळ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उघड्यावर रांधते म्हणजे नक्कीच काहीतरी लपवते! पाराच्या मधोमध पसरलेल्या पांढऱ्या धोतरावर बट्ट्यांचा कमरेएवढा ढीग आधीच लागला होता आणि गोवऱ्यांच्या विस्तवातून निघालेली बट्टी राख झटकून त्यावर पडत होती. ढीग वाढत वाढत माणसाच्या छातीला लागला. एका टोकाला वरणाचे हंडे, दुसऱ्या टोकाला घोटलेली वांगी, चावडीच्या पायरीवर ठेचा आणि कांदा, विहिरीपाशी ताकाची मडकी, आणि तूप मांडवाच्या तोंडाशी, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे.

"ज्याचं त्यानं उठून घ्या," चिंधामाय म्हणाली. "पोट तुमचं, हात तुमचा. पाहाचं तं सारं पाहून घ्या."

गावाने पाहिलं. कोणी वरणात ओगराळं तळापर्यंत घालून पाहिलं, कोणी वांग्यांचा वास घेतला, एकाने ताकाचं मडकं बोटाने वाजवलं. ढिगाखाली मात्र कोणी पाहिलं नाही. एवढा ढीग समोर दिसत असताना त्याच्याखाली कशाला कोण पाहील?

मग माणसं पत्रावळ घेऊन या टोकाहून त्या टोकाला फिरू लागली आणि मजा सुरू झाली. आग्रह करणारं कोणी नव्हतं आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या पानावर होती. गावच्या भिका पाटलाने तिसरी बट्टी उचलली, तसा बायकांमधून आवाज आला, "पाह्य वं, पाटलाले आज लय भूक लागली!" पाटलाने बट्टी पुन्हा ढिगावर ठेवली आणि ताक प्यायला गेला. तुपाची पळी दुसऱ्यांदा बुडवायची कोणाची छाती झाली नाही. पदराखाली घ्यायची तर सोयच नव्हती. आणि घ्यायची कशाला? ढीग तर जागचा हलत नव्हता! माणसं खात होती, व्याह्यांकडच्या बायका खात होत्या, गाडीवान खाऊन ढेकर देत होते, आणि ढीग होता तिथेच होता, असं म्हणतात.

झिपरूमामाला हे पटेना. पोटभर जेवून, मिशा पुसून तो ढिगापाशी आला आणि त्याने आपली काठी बट्ट्यांमध्ये खुपसली.

टक्‌!

आतून मडक्याचा आवाज आला. ढीग म्हणजे पालथा घातलेला रांजण होता आणि त्याच्यावर बट्ट्यांचे थर रचलेले होते. आवाज चिंधामायने ऐकला. मांडवाच्या खांबाला धरून उभ्या असलेल्या ठकूने ऐकला, आणि तिला वाटलं, आता बैल जुंपतील. कुंभाराच्या पोरीला कोऱ्या रांजणाचा आवाज कळणार नाही तर कोणाला?

चिंधामाय हळूच म्हणाली, "दादा, तुमचं कोनी उपाशी हाये का?"

झिपरूमामाने आपली माणसं पाहिली. त्याची म्हातारी आई पिंपळाखाली पाय पसरून बसली होती आणि सूनबाईला म्हणत होती की मला आता पाणीसुद्धा जाणार नाही. गाडीवान आडवे झाले होते. मग त्याने मांडवाकडे पाहिलं. पोरीच्या तोंडावर रक्त नव्हतं. काठी अजून ढिगातच होती आणि सगळं गाव कान टवकारून उभं होतं.

त्याने काठी बाहेर काढली आणि मोठ्याने ओरडला, "भरपूर हाये! काठी बुडाले लागत नाही!"

गोरजावर अक्षता पडल्या. सोनजी लहान पोरासारखा रडला.

सगळे जेवले, तेव्हा रांजणावरचे थर संपत आले होते. राहिल्या होत्या राबणाऱ्या बायका, ज्या नेहमी शेवटी उरलंसुरलं खायच्या. सोनजीने रांजण उचलला. खाली वाफाळत्या बट्ट्या होत्या. कोणी म्हणतात, इतक्या होत्या की त्या बायका जेवून पुढे सात आळ्यांत वाटल्या तरी सरल्या नाहीत. आत्या म्हणायची, चिंधामायने पहाटेच टोपलीभर झाकून ठेवल्या होत्या. कोणतं खरं ते मी सांगणार नाही. रांजण पाहिलेलं माणूस आता एकही नाही.

मग ठकू हळदीच्या अंगाने पारावर आली. तिने पळसाचं पान मांडलं, त्यावर बट्टी कुस्करली, वरण घातलं, वांगी घातली आणि तुपाची धार धरली. "चिंधामाय, बस," ती म्हणाली.

चिंधामाय पानावर बसली. तिने हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. कारण सगळं गाव पाहत होतं. ती किती घेते, कसं घेते, गाठीला हात लावते का, पाहत होतं. त्यांचाही इलाज नव्हता, सवयच तशी. म्हातारीने हात मागे घेतला.

ठकूला ते दिसलं. नवी नवरी, अजून गावाची वेस ओलांडायची होती, आणि ती अख्ख्या गावावर कडाडली, "पाठी फिरवा! माय जेवू राहिली. पाठी फिरवा सारे!"

सोनजीने आधी पाठ फिरवली. मग झिपरूमामाने. मग भिका पाटील फिरला, मग बायका, आणि बघता बघता सगळं करंजओहोळ पाराकडे पाठ करून उभं राहिलं. त्या गावात कोणी कोणाकडे पाठ केली, ती ही पहिली वेळ, असं म्हणतात.

बराच वेळ गेला. ठकूने वळून पाहिलं. पान लख्ख पुसलेलं होतं. पानावर करवंटीचं ओगराळं उपडं ठेवलेलं होतं आणि चिंधामाय नव्हती. खोपट रिकामं होतं. कोणी म्हणालं, ती तापीच्या पाण्यावरून पलीकडे चालत गेली. कोणी म्हणालं, पारावरचा पिंपळ त्या दिवसापासून बारा महिने हिरवा आहे. गाठोड्याचा शोध मात्र कोणी घेतला नाही.

आजही करंजओहोळात लग्न असलं की जेवण उघड्यावर रांधतात. पाराच्या मधोमध रांजण पालथा घालून त्यावर बट्ट्या रचतात. नवरदेवाचा मामा येतो, ढिगात काठी घालतो, आतून टक्‌ आवाज येतो, तो सगळ्यांना ऐकू जातो, आणि मामा ओरडतो, "भरपूर हाये!" आतला पोकळपणा ठाऊक असलेलं सगळं गाव त्याच्या मागून ओरडतं, "भरपूर हाये!" आणि जेवण कधी कमी पडत नाही.

शेवटी रांजणापाशी एक पान वाढतात. तुपाची धार त्या पानावर दुप्पट असते. मग नवरी हाक देते आणि सगळे पाठ फिरवतात. वाटेवरचा कोणी उपाशी असेल, गावात तोंड दाखवायला लाजणारा कोणी असेल, त्याने येऊन जेवावं. पान दर लग्नाला पुसलेलं सापडतं.

मीही तिथे पाठ करून उभा राहिलेला आहे. मागे कोणाच्या तरी पावलांचा आवाज होतो, पान सरकतं, एक घास, दुसरा घास. मानेला खाज सुटते. संशय माझ्याही रक्तात आहे, आत्याकडून आलेला. पण मी अजून एकदाही वळून पाहिलेलं नाही.