अजून एक रॅव्हिओली

यामिनीला वाटलं होतं, आपण इटलीत स्वयंपाक शिकून आलो की नाशिककरांना रविवारी कसं निवांत जेवायचं असतं ते दाखवू. पण दाभाडकरांच्या आलिशान इटालियन रेस्टॉरंटात शेफ म्हणून लागल्यावर तिला दिसली ती निव्वळ लूट! ब्रंचचे पैसे भरले की माणसं बफेवर तुटून पडत. लझानियावर पास्ता, पास्त्यावर तिरामिसू आणि वर शोभेला ऑलिव्ह. चार घास खायचे, बाकीचा डोंगर उष्ट्याच्या बादलीत. आणि हे सगळं रांधणारे मात्र मागच्या अंगणात उकिडवे बसून वरणभात खात.

"भाऊसाहेब, ही नासाडी थांबवू या. वाचेल ते स्वयंपाकघरातल्या आपल्या माणसांना देऊ," ती मालकांना म्हणाली.

भाऊसाहेब दाभाडकरांनी टायची गाठ सैल केली. "थांबव की! पण पाटी लावायची नाही, दंड घ्यायचा नाही, ताटल्या लहान करायच्या नाहीत. आणि माझ्या गिऱ्हाइकाला 'कमी घ्या' म्हणायचं नाही! रविवारी बादली कोरडी राहिली, तर उरेल ते सगळं तुमचं. नाही राहिली, तर तू आपली परत इटलीला!"

"कबूल!"

स्वयंपाकघराने कपाळाला हात लावला. यामिनी मात्र शांत होती. तिचे वडील लग्नाच्या पंगती उठवणारे आचारी. तिचं बालपण वाढप्यांच्या मागे धावण्यात गेलं होतं.

रविवारी बफे नेहमीसारखाच सजला. फक्त प्रत्येक भांड्यामागे डाव घेऊन एकेक माणूस उभा होता. पहिले आले कर्णिक, डोंगर रचण्यात सगळ्यांत पटाईत.

"या साहेब!" भांडी घासणाऱ्या मालनमावशींनी डाव बुडवला. "एवढंसंच? अहो, घ्या हो!"

"बास, बास."

"असं कसं? अजून एक रॅव्हिओली. माझ्यासाठी!"

"नको हो, खरंच नको!" कर्णिकांनी ताटलीवर आडवा हात धरला.

"वहिनी, तुम्ही तरी?"

"डाएट चालू आहे माझं!"

"ते उद्यापासून!"

कर्णिकवहिनींनी ताटलीच पाठीमागे लपवली. टेबलापाशीही सुटका नव्हती. डाव येताना दिसला की लोक शेवटचा घास घाईने तोंडात कोंबत आणि हात जोडून उठत.

दुपारी भाऊसाहेबांनी बादलीत डोकावून पाहिलं. कोरडी!

"तू लोकांना कमी घ्यायला लावलंस!"

"कमी?" कर्णिक दारातूनच ओरडले. "जीव नकोसा केला यांनी! स्वतःच्या लग्नातसुद्धा मी इतक्यांदा 'नको' म्हटलं नव्हतं!"

"भाऊसाहेब," यामिनी म्हणाली, "आपल्याकडच्या माणसाला मोकळं सोडलं की तो भांडं रिकामं करतो. आग्रह केला की ताटावर हात धरतो. आम्ही तर सगळ्यांना जास्तच घ्या म्हणत होतो!"

भाऊसाहेब हसता हसता खुर्चीत कोसळले. "हरलो, पोरी!" त्यांनी टाय सोडून फेकला आणि स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. "आजपासून तुझं राज्य!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यामिनीने स्वयंपाकघराचं कुलूप उघडलं आणि ती म्हणाली, "मावशी, उरलेलं कशाला? यापुढे आधी आपली पंगत बसेल, मग गिऱ्हाइकांची!"

"आणि आग्रह कोण करणार गं?"

"भाऊसाहेब!"