ज्या माळावर कोणीच नव्हतं

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथं वर्षातले आठ महिने ऊन नुसतं ओसंडून वाहायचं, पण सूर्य मावळला की घरोघरी अंधार. दिव्याचं तेल शेजारच्या राजाकडून यायचं. तो राजा लहरी. मनात आलं की तेलाच्या गाड्या सीमेवर अडवायचा, आणि मग इकडच्या राजाला नजराणे घेऊन त्याच्या दारात ताटकळत उभं राहावं लागायचं.

या राज्यातली एक मुलगी शिकायला फार दूरच्या देशी गेली आणि दहा वर्षांनी एक नवी विद्या घेऊन परतली. काळ्यानिळ्या काचेच्या पाट्या उन्हात मांडायच्या. त्या दिवसभर ऊन पितात आणि लांबवर नेलेल्या तारेच्या टोकाला दिवे लावतात. लोक त्यांना सूर्यपाट्या म्हणू लागले, आणि तिला विदुषी.

राजा म्हणाला, "शेजाऱ्याच्या दारात उभं राहायची आता लाज वाटते. येत्या दिवाळीला राजधानीत आपल्या उन्हाचे दिवे लागले पाहिजेत."

"लागतील, महाराज. पण माझी एक अट आहे. कोणाच्या पोटावर पाय देऊन पाट्या मांडायच्या नाहीत."

त्यासाठी तिनं एक वही बांधली. जमीन सपाट आहे का, सावली किती पडते, माती खोल की खडक वर, असे रकाने आखले. शेवटचा रकाना मात्र तिचा स्वतःचा होता. 'या जमिनीवर कोणाचं पोट आहे?' दूरच्या गुरुकुलात या एका प्रश्नासाठी गुरूंनी तिची पाठ थोपटली होती.

वही घेऊन ती राज्यभर हिंडली. जिथं सपाट होतं तिथं शेती होती. जिथं शेती नव्हती तिथं झाडी होती, नाहीतर डोंगराची सावली. शेवटी चैत्रात तिला एक माळ सापडला. इकडून तिकडं नजर पोचेना एवढा मोठा, आणि वर सगळं मोकळं आभाळ. तिला आनंदानं नाचावंसं वाटलं.

खालच्या गावचा पाटील वाट दाखवायला आला होता. तिनं विचारलं, "पाटीलबाबा, इथं कोण राहतं?"

"कोण राहणार, ताईसाहेब? वारा राहतो."

चालता चालता तिच्या पायाला एक दगड लागला. खाली बघितलं तर चूल होती, काजळी धरलेली. थोड्या अंतरावर दुसरी चूल, मग तिसरी. मधे गोल जागेत लेंड्यांचा जाड थर वाळून गेलेला.

"मग या चुली कोणाच्या?"

"त्या होय! पावसाळ्यात मेंढरंवाले येतात. चार महिने टेकतात, गवत संपलं की बिऱ्हाड घोड्यावर टाकून घाट उतरतात. तशी पाखरंबी दरसाल येतात की! त्यांची नावं लिवता का वहीत?" आणि स्वतःच्याच विनोदावर पाटील खो खो हसला.

विदुषीही हसली. ते हसू पुढं तिला जन्मभर टोचत राहिलं.

मेंढपाळांना विचारायचं तर आषाढापर्यंत थांबावं लागणार. थांबलं तर दिवाळीला दिवे लागणार नाहीत. एका बाजूला सगळं राज्य, दुसऱ्या बाजूला चार महिन्यांची माणसं, आणि तीही इथं नाहीत. नसलेल्या माणसाला विचारणार तरी कसं, असं तिनं मनाला समजावलं. मग शेवटच्या रकान्यात दोन शब्द लिहिले: 'कोणाचंही नाही.' शाई वाळायच्या आतच तिनं वही मिटली.

दिवाळीला राजधानी उजळली. शेजारच्या राजाच्या तेलाच्या गाड्या पहिल्यांदाच भरल्या तशा परत गेल्या. लोकांनी विदुषीला हत्तीवरून मिरवलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरला आणि राजधानीतले दिवे मंदावले. विदुषी तडक माळावर गेली. पाहते तर गवत कमरेएवढं वाढलेलं, पाट्यांवर त्याची सावली. दहा-बारा बाया मजुरीवर ते कापत होत्या आणि ढीग करून पेटवून देत होत्या. त्यांतली एक म्हातारी सगळ्यांच्या पुढं होती.

विदुषी कौतुकानं म्हणाली, "आजी, विळा झपझप चालतो की तुमचा. गवत कापायची सवय दिसते."

"सवय मेंढरांना होती, लेकी. मी आत्ता शिकतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! या माळावर माझी लेक जन्मली, तिचा लेकबी हितंच जन्मला. गेल्या साली घाट चढून आलो तर हे तारंचं कुंपण. आत गवत, भायेर आमी. दीडदोनशे मेंढरं तारेला तोंड लावून हुबी. शेतात शिरली तर पाटलानं कोंडवाड्यात घातली. मग काय करतीस? कसायाला दिली. आता वीस-तीस उरलीत, ती पाल्यावर जगवतोय."

"आणि हे गवत?"

"हे जाळायचं. तसा हुकूम हाय."

"राजाकडं दाद का नाही मागितली?"

"कशाची दाद? पाटील म्हणाला, एक शिकलेली बाई येऊन गेली, तिनं सरकारी वहीत लिवलंय, हितं कोणाचं पोट न्हाई. म्हटलं, मग तसंच असंल. आपल्याला काय वाचता येतं? एवढं शिकलेलं माणूस खोटं कशाला लिवंल?" म्हातारीनं घाम पुसला. "तू कोण गं, लेकी? दरबारातली का?"

आता सांगायला हवं होतं. विदुषीनं तोंड उघडलं आणि तिच्या कानावर तिचेच शब्द पडले: "मी... पाट्या बघायला आले होते."

ती वळली. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "पाट्या बघाया आली न् स्वतःचं पाय बघत गेली!" बाया हसल्या. राजधानीपर्यंतच्या वाटेत विदुषीनं मान वर केली नाही.

दरबारात राजा वाटच बघत होता. "ये! अजून सात माळ शोधायचेत. तुझ्या वहीच्या नकला करायला दहा लेखनिक बसवतो."

विदुषीनं वही त्याच्या पायांशी ठेवली. "नका करू, महाराज. यातली एक ओळ खोटी आहे." आणि तिनं सगळं सांगितलं.

"माणसाच्या हातून चूक होते," राजा हळूच म्हणाला.

"ही चूक नाही, महाराज. चूक नकळत होते. मला चुली दिसल्या होत्या."

राजानं वरच्या झुंबराकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "त्या उजेडात रोज मी जेवतो. मीही एकदा विचारलं नाही, हे ऊन कोणाच्या अंगणातून येतं. पण हे मला सांगून काय होणार? जिचं गेलं तिला जाऊन सांग. कुंपणाची किल्ली घेऊन जा."

म्हातारी गवताचा भारा बांधत होती. विदुषी तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, वहीत लिहिणारी ती बाई मीच."

म्हातारीनं गाठ पुरी आवळली. हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "वही आणलीस?"

"हो."

"वाच."

वहीत डोळे घालून विदुषीनं वाचलं, "या जमिनीवर कोणाचं पोट आहे? कोणाचंही नाही."

"खाली बघून तर पाटीलबी वाचंल. माझ्याकडं बघून वाच."

विदुषीनं मान वर केली. समोर तो सुरकुतलेला, उन्हानं रापलेला चेहरा. तिनं तोंड उघडलं. जे दोन शब्द लिहायला क्षणही लागला नव्हता, ते काही केल्या ओठांबाहेर येईनात. ती हमसून हमसून रडू लागली.

म्हातारीनं तिला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "झालं का रडून, बाई? आता कुलूप काढ. मेंढरं उपाशी हायेत."

कुंपण उघडलं. सगळ्या बिऱ्हाडांची उरलीसुरली मेंढरं पाट्यांखाली शिरली आणि बारा बायांना महिनाभर न उरकणारं गवत त्यांनी आठवड्यात साफ केलं. दिवे पुन्हा उजळले. पाट्यांना शिंगं लागू नयेत म्हणून त्या उंच खांबांवर चढवायच्या ठरल्या. त्या कामाला दोन वर्षं लागली. तेवढे दिवस राजवाड्यातले निम्मे दिवे बंद ठेवावेत, असा हुकूम राजानं स्वतः दिला.

पण कसायाकडं गेलेली मेंढरं काही परत आली नाहीत. म्हातारीचे दोन मुलगे पोटासाठी खाणीत दगड फोडायला गेले होते, ते तिकडचेच झाले. विदुषी दरसाल माळावर जायची. म्हातारी तिला घोंगडीवर बसवायची, दूध द्यायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. 'लेकी' म्हणून हाक मात्र तिनं पुन्हा कधी मारली नाही.

उरलेल्या सात माळांपैकी पहिल्या माळावर विदुषी चैत्रात पोचली. तिथंही कोणी नव्हतं. तिनं झोपडी बांधली आणि ती बसून राहिली. राजधानीहून दूत आले, "बाई, किती उशीर?" तिथला पाटील म्हणाला, "अहो, इथं कोणी राहत नाही." ती "बरं" म्हणायची आणि बसून राहायची. चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठही गेला.

आषाढातल्या एका सकाळी घाटातून घंटांचा आवाज आला. पुढं घोडं, मागं मेंढरं, आणि काठी टेकत एक मेंढपाळ. झोपडी बघून तो थबकला. "हितं रानात एकल्याच कोणाची वाट बघताय, बाई?"

विदुषी उठून उभी राहिली आणि तिनं हात जोडले. "तुमचीच."

तात्पर्य: लोकांच्या घरी दिवा लावण्याआधी, जो समोर नाही त्याचा घासही मोजावा, आणि दिसूनही लपवलं असेल, तर ज्याचं गेलं त्याच्या डोळ्यांत बघून ते कबूल करावं.