शंभर चिंचोके

“पण सर, तुम्हाला आता दिसतच नाही. मग तुम्ही शिकवता तरी काय?”

विचारणारे डॉक्टर हेमंत वाळिंबे होते. ज्यांना विचारलं ते आमचे सोनटक्के सर. आम्ही सहा प्रशिक्षणार्थी भिंतीला टेकून उभे होतो आणि हा प्रश्न ऐकून माझ्या तर डोक्यात तिडीक गेली.

सर मात्र शांत होते.

“बसायला शिकवतो,” ते म्हणाले.

वाळिंबे हसले. जुन्या मास्तरांनी विनोद केला की हसतात, तसं.

सांगलीकडच्या एका माळावर क्षयाचं जुनं रुग्णालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेत, क्षयावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी चार महिन्यांचा वर्ग चालतो. राहणं, जेवण, पुस्तकं आणि वर थोडं विद्यावेतन, सगळं एका अनुदानातून. ते नसतं तर मी संशोधनाच्या वाटेला गेलेच नसते, गावातल्या औषधाच्या दुकानात गोळ्या मोजत बसले असते. त्या अनुदानाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

वाळिंबेही याच वर्गातले, अठरा वर्षांपूर्वीचे. इथूनच फेलोशिप मिळवून परदेशी गेले, मोठं नाव काढलं, आणि आता अनुदान देणाऱ्या समितीवर होते. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, याचा अहवाल त्यांना त्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

अहवालाचा कागद टेबलावरच पडला होता. ‘शिकवण्याची साधने’ या रकान्यात त्यांनी गाडीतच लिहून ठेवलं होतं, ‘कालबाह्य. वर्ग बंद करावा.’ मला उलटं वाचता येतं.

“आता यंत्रं आलीत, सर. थुंकी आत घातली की दोन तासांत उत्तर. शिकायचं म्हटलं तर व्हिडिओ आहेत, मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्स आहेत. घरबसल्या, फुकट.”

“चांगलं झालं.”

“मग काचेवर थुंकी पसरून तासन्‌तास बघत बसायचं...”

“यंत्र माझ्याहून बरं बघतं. मी कुठे नाही म्हणतो?”

वाळिंबे वादाची तयारी करून आले होते. समोरचा भांडतच नाही म्हटल्यावर ते जरा अवघडले.

एवढ्यात तानूबाई चहा घेऊन आल्या. तानूबाई म्हणजे आमचा स्वयंपाक करणाऱ्या. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी इरकल नेसलं होतं, आणि कारण विचारलं की नुसत्या हसत होत्या.

“मी चहा घेत नाही,” वाळिंबे कागदावरून मान वर न करता म्हणाले.

तानूबाई कप घेऊन तशाच मागे फिरल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. सरांना दिसला नसणार, पण त्यांनी दाराच्या दिशेने मान वळवली.

...

सोनटक्के सर डॉक्टर नव्हते. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ म्हणून लागले आणि चाळीस वर्षं थुंकीच्या स्लाइडी तपासून निवृत्त झाले. काचबिंदूने डोळे गेले तरी वर्गावर यायचं त्यांनी सोडलं नाही. आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो आणि सर शेजारी स्टुलावर बसून ऐकायचे.

काय ऐकायचे? चिंचोके.

सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जेवढं वर्तुळ दिसतं, त्याला फील्ड म्हणतात. अशी शंभर फील्ड पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नाही. आणि थोडेसेच सापडले तरी शंभर पुरी करायची, कारण किती सापडले तो आकडा लिहावा लागतो. मोजणी चुकू नये म्हणून सरांनी दोन जर्मनच्या वाट्या ठेवल्या होत्या. एका वाटीत शंभर चिंचोके. एक फील्ड बघून झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा.

टण्‌... टण्‌... टण्‌.

पहिले आठ दिवस आम्हाला या वाट्यांचा वैताग आला होता. मी तर त्या माळावर फेकून देणार होते.

...

“हेमंत,” सर म्हणाले, “एक काम करतोस?”

“बोला ना, सर.”

सरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक स्लाइड काढली.

“हिचा रंग उडालाय म्हणतात ही पोरं. पुन्हा रंगव आणि बघ जरा.”

वाळिंबेंनी स्लाइड उजेडाकडे धरली. काचेच्या कडेला कोरलेला नंबर वाचला आणि ते चकित झाले.

“हे माझं अक्षर आहे!”

“असेल.”

“इथल्या माझ्या शेवटच्या दिवसाची आहे ही. आठवतंय मला. दुसऱ्या कुणी बघायची गरज नाही, सर, मी स्वतः तपासली होती. जंतू नव्हते.”

“बरं.”

“खाली गाडी थांबली आहे माझी...”

“बरं,” सर पुन्हा म्हणाले, आणि हात पुढे करून तसेच बसून राहिले. स्लाइड परत मागत होते की रंगाच्या बाटलीकडे बोट दाखवत होते, कळत नव्हतं.

वाळिंबेंनी सुस्कारा टाकला आणि कोट काढून खुर्चीवर ठेवला.

त्यांनी स्लाइड रंगवली. मला कौतुक वाटलं, कारण हात काही विसरला नव्हता. जुनं तेल काढलं, लाल रंग ओतला, खालून स्पिरिटचा दिवा फिरवला. वाफ येऊ द्यायची, उकळू द्यायचं नाही. मग पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. मग आम्लाने धुतली, वरून निळा रंग दिला. या सगळ्यातून क्षयाचा जंतू तेवढा लाल राहतो, बाकीचं सगळं निळं होतं.

काच वाळली. वाळिंबे सूक्ष्मदर्शकाशी बसले. सरांनी दोन्ही वाट्या त्यांच्या हाताशी सरकवल्या.

“हे अजून आहे का?” वाळिंबे म्हणाले.

सरांनी स्टूल जवळ ओढलं.

टण्‌... टण्‌... टण्‌.

वीस झाले. चाळीस झाले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. आम्हीही मनातल्या मनात मोजत होतो, सवयच लागली होती. सत्तर... एकाहत्तर... बहात्तर.

बहात्तराव्यानंतर वाळिंबेंचा हात वाटीत गेला आणि तिथेच थांबला. मला स्पष्ट दिसलं, त्यांनी मूठ भरून घेतली होती.

सरांनी मान किंचित कलती केली.

वाटीवर अधांतरी ती मूठ...

मग मूठ सुटली. चिंचोके वाटीत परत गेले. वाळिंबेंनी त्यातला एक उचलला.

टण्‌.

त्यानंतर त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला, तोही त्यांना ऐकू गेला नसावा. चौऱ्याऐंशीवा चिंचोका पडला आणि हात थांबला.

“सर...”

“हं.”

“तीन आहेत. लाल.” त्यांचा आवाज बदलला होता. “स्वच्छ दिसतायत.”

“असतील.”

वाळिंबेंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवशी बहात्तरपर्यंत एकेक पडला,” सर म्हणाले. “मग मूठभर पडले.”

“तुम्ही ऐकलंत?”

“तेव्हा डोळेही होते. तू गेल्यावर मी स्लाइड पुन्हा लावली.”

“मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुझी दुपारची गाडी होती.”

मला त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलंच नाही. आपली एक मूठ अठरा वर्षांनी अशी समोर यावी... मी माझा हात पदराखाली घेतला.

“आणि पेशंट, सर? ही स्लाइड ज्याची... तो माणूस?”

दाराकडे तोंड करून सरांनी हाक मारली.

“तानूबाई! डॉक्टर आता चहा घेतील.”

...

तानूबाई आल्या. एका हातात कप, दुसऱ्या हातात फडक्याचं गाठोडं.

“घ्या डाक्टर. साखर कमी घातलीया.”

वाळिंबेंनी कप घेतला. तानूबाईंनी ते गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. वाळिंबे एकदम उठून उभे राहिले. चहा हातावर सांडला.

“अहो बाई, हे काय करताय?”

“अठरा वर्सं वाट बघितली, डाक्टर. खोकल्यातनं रगात याचं. दोन डाक्टरांनी न्हाई म्हणून सांगितलं हुतं. तुम्ही शोधून काढलासा.”

“मी?”

“तर वो! मास्तरांनी सांगितलं न्हवं का, वाळिंबे डाक्टरांनी पकडलं म्हणून. सहा म्हयनं गोळ्या खाल्ल्या. थोरली तवा चार वर्साची, धाकटी अंगावर पीत हुती. आता धाकटीचं लगीन ठरलंय.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “तुम्ही हुता म्हणून माज्या पोरींना आई ऱ्हायली.”

वाळिंबेंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते, जणू काही बाहेरचं दिसतंय.

“बाई, ऐका,” वाळिंबे म्हणाले. “ते मी शोधलं नव्हतं. मी तर... मी चुकलो होतो. मी जंतू नाहीत म्हणून लिहून निघून गेलो. ते सरांनी शोधलं.”

तानूबाई रडता रडता हसायला लागल्या.

“मास्तरांनी आदीच सांगून ठिवलंय मला.”

“काय?”

“डाक्टर लई मोठ्या मनाचं हायती, म्हणालं. कदी कबूल करायचं न्हाईत.”

आमच्यातलं कुणीतरी खुदकन हसलं. मीच असेन. हसताना माझेच डोळे भरून आले होते.

वाळिंबे खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर, तानूबाईंच्या समोर. त्यांनी गाठोडं सोडलं.

चिंचोके होते. धुतलेले, उन्हात वाळवलेले, एकसारखे निवडलेले.

“माज्या दारातल्या चिंचंचं,” तानूबाई म्हणाल्या. “बरी झाल्यावर मास्तरांना इचारलं, काय देऊ? तर म्हणालं, शंभर चिंचोकं दे. तवापास्नं दरसाली देती. जुनं किडत्यात. पोरं हरवत्यात बी.”

त्यातलं एक हरवणारं पोर मीच. दोन चिंचोके माझ्या दप्तरात अजून आहेत.

वाळिंबेंनी ओंजळभर चिंचोके उचलले आणि कपाळाला लावले. मग तो साहेबी माणूस सगळ्यांसमोर रडला. तानूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा गार होतोय म्हणून आठवण केली. तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

...

बऱ्याच वेळाने ते उठले आणि टेबलापाशी गेले. अहवालाचा कागद ओढला, ‘कालबाह्य. वर्ग बंद करावा’ यावर आडवी रेघ मारली. एकदा मारली, मग पुन्हा गिरवली.

आम्ही सहाजणांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्ग वाचला होता. आधी देवाचे आभार मानायचे की तानूबाईंचे, एवढंच ठरायचं होतं.

वाळिंबे पेन हातात घेऊन तसेच उभे होते. रकाना रिकामा होता.

“सर,” ते म्हणाले, “तुम्ही मला काय दिलंत ते मला आज कळलं. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

वाळिंबेंनी पेनाचं टोक रकान्यावर टेकवलं.

“निदान इथे काय लिहू ते सांगा. शिकवण्याची साधने... काय लिहू?”

सोनटक्के सरांनी चाचपडत हात पुढे केला. सूक्ष्मदर्शकाजवळची वाटी त्यांच्या बोटांना लागली. तिच्यात त्यांनी बोटं फिरवली आणि ती वाळिंबेंच्या खुर्चीकडे सरकवली.

“अजून सोळा राहिलेत,” ते म्हणाले. “बस.”